चढावर सुटलेला गिअर

मित्रांनो, मी खालापूर तालुक्यातली एक जुनी मोटारसायकल आहे. माझा लाल रंग आता विटकरी झाला आहे. टाकीच्या उजव्या बाजूला मुठीएवढा पोचा आहे आणि आरसा एकच उरला आहे. आमच्या गावात दोन वर्षं लोक मला झपाटलेली म्हणत. माझ्या हँडलला लिंबू आणि काळी बाहुली टांगलेली होती. शेजारच्या गोदूबाई माझ्यासमोरून जाताना पलीकडची कड धरत. माझ्यात खरोखर काय शिरलं होतं, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना घाबरू नका. मी स्वतः मात्र ते आठवताना अजूनही घाबरते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की एका माणसाने माझ्या पोटात गिअरची चकचकीत चाकं बसवली, ती बोटाने फिरवून पाहिली आणि मला पुढे ढकललं. मग ट्रकमधून मी खोपोलीला आले. तिथल्या दुकानात काचेआड अकरा दिवस उभी राहिले. बाराव्या दिवशी पदू आला.

पदू रसायनीला एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. गावात त्याची थोडी भातशेती होती. घरी बायको सुरेखा, सहा वर्षांची मुलगी भाविका आणि धाकटा भाऊ रूपेश. मी अंगणात आले तेव्हा सुरेखाने माझ्या दिव्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. भाविका टाकीवर बसली ती जेवायची वेळ झाली तरी उतरेना.

पदूला माझं ऐकायची सवय होती. सकाळी किक मारली की तो लगेच निघत नसे. मान थोडी कलती करून उभा राही. "बॉयलर काय नि गाडी काय, आवाज बदलला की आपल्याला काहीतरी सांगतेय समजायचं," असं तो भाविकाला सांगे. दर रविवारी तो माझी चेन पुसून तेल सोडी. दर तीन महिन्यांनी मला खालापूरच्या नाक्यावर झहीरभायच्या गॅरेजात नेई. झहीरभाय म्हणजे पिकल्या दाढीचे, कमी बोलणारे गृहस्थ. ते माझ्या इंजिनावर तळहात ठेवून गप्प उभे राहत आणि मग पदूला म्हणत, "पदू, तुझी गाडी बघाय आली की माझं काम कमी नि च्या जास्त होतो."

अशी दहा वर्षं गेली. पाताळगंगेच्या पुलावरून मी किती वेळा गेले असेन, त्याचा हिशेब नाही. पदूचा पाय गिअरवर कधी पडे, ते मलाही कळत नसे. क्लच दाबला, गिअर पडला, क्लच सुटला, सगळं एका श्वासात.

मित्रांनो, क्लच म्हणजे काय ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. इंजिन फिरत असतं आणि चाकाला ती ताकद हवी असते. क्लच हा त्या दोघांमधला धरलेला हात. डाव्या हाताशी दांडा असतो. तो दाबला की हात सुटतो, सोडला की पुन्हा घट्ट धरतो. हात सुटलेला असतानाच गिअर बदलायचा. न सोडता बदलला, तर माझ्या पोटात लोखंडावर लोखंड आदळतं.

पुढे पदूच्या कारखान्याने कामगारांसाठी बस सुरू केली. ती फाट्यावर येई. मग मी रूपेशच्या हाती गेले. रूपेश मनाने वाईट नव्हता. कर्जतच्या बाजूला डोंगरपायथ्याशी शहरातल्या लोकांनी फार्महाऊस बांधली आहेत, तिथे तो पाण्याचे मोठे बाटले, पाव, कोंबड्या, बर्फाच्या लाद्या पोहोचवी. शनिवार-रविवारी त्याला बारा-बारा फेऱ्या पडत. तो घाईत असे. पाण्याचे चार बाटले दोन्ही बाजूंना बांधून, क्लच अर्धवट दाबून, मला रेटत चढावर नेई. गिअर टाकताना दांडा दाबायचाही त्याला कंटाळा. बुटाची लाथ मारी आणि पुढे.

आधी माझ्या क्लचच्या प्लेटा जळू लागल्या. करपल्या रबरासारखा वास येई. मग इंजिन ओरडे, पण वेग येत नसे. रूपेशने मला झहीरभायकडे नेलं नाही. ते लांब पडे आणि ते कान उपटतील हेही त्याला ठाऊक होतं. फार्महाऊसच्या फाट्यावर एक जण पंक्चर काढत बसे. त्याने क्लचची वायर ताणून दिली आणि म्हणाला, "झालं."

झालं नव्हतं. त्याच सुमारास माझा दुसरा गिअर सुटू लागला. चढावर जोर लागला की पोटात खट् असा आवाज होई आणि क्षणभर मी रिकामी होत असे. इंजिन फिरतंय, चाक फिरतंय, पण दोघांची एकमेकांशी ओळख नाही. असं एका आठवड्यात तीनदा झालं. तिन्ही वेळा रूपेश शिवी हासडून पुन्हा लाथ मारी आणि गिअर बसे. मी जेवढं सांगू शकत होते तेवढं सांगितलं. धक्के दिले, आवाज केला. ऐकणारा माणूस मात्र त्या दिवसांत बसने कामाला जात होता.

तो दिवस दसऱ्यानंतरचा होता. शेतात भात पिवळं पडलं होतं. पदूने रजा काढली होती. दोघा भावांना खालापूरला तालुक्याच्या कचेरीत जमिनीचा कागद काढायचा होता. जाताना रूपेशने चालवली. येताना कचेरीच्या दारात पदू हसून म्हणाला, "आण चावी. किती दिवसांत तिला हात नाय लावला." रूपेशने चावी दिली.

खालापूरहून आमच्या गावाकडे येताना एक लांब चढ आहे. त्याला आंब्याचा चढ म्हणतात. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मागून खडीने भरलेला डंपर येत होता. चढाच्या मध्यावर पदूने टाचेने दुसरा गिअर टाकला. त्याच वेळी त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला. आम्ही थोडं वर गेलो आणि माझ्या पोटात खट् झालं.

मी रिकामी झाले. वेग एकदम मेला. पदूने क्लच दाबला, त्याची टाच गिअर शोधू लागली, पुढचं चाक डगमगलं. मागच्या डंपरचा ब्रेक किंचाळला, पण चढावरसुद्धा खडीचं ओझं लगेच थांबत नाही. रूपेश गवतात फेकला गेला. पदू डांबरावर पडला, तो पुन्हा उठला नाही.

मी कुशीवर पडले होते. माझं मागचं चाक फिरत होतं. कुणीतरी येऊन चावी बंद करेपर्यंत इंजिन चालूच होतं. फोनही वाजत होता. थांबे आणि पुन्हा वाजे. तीन वेळा वाजला. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

फोन भाविकाचा होता. तेव्हा ती सतरा-अठराची होती. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिने अर्ज केला होता आणि त्या दुपारी यादीत तिचं नाव लागलं होतं. ते बाबांना सगळ्यात आधी सांगायचं म्हणून ती फोन करत होती.

पोलीस आले. डंपरवाला म्हणाला, "याचा फोन वाजत होता साहेब, त्याच्या नादात गाडी हलली." पोलिसांनी रूपेशला विचारलं. त्याच्या कपाळाला पट्टी होती, ओठ पांढरे पडले होते. त्याने नुसती मान हलवली. तोवर गावातून धावत आलेली भाविका चार पावलांवर उभी होती. तिने ती मान हललेली पाहिली.

घरी दिवस-कार्य झालं. त्या दुःखात एकदा सुरेखाच्या तोंडून निघून गेलं, "कशाला केलास गं फोन तवा?" पुन्हा ती असं कधी बोलली नाही. पण एकदा बोललेलं पुरलं. भाविकाने यादीतली जागा सोडली. खालापूरला औषधांच्या दुकानात कामाला लागली. तिने आपणहून कुणाला फोन करणं बंद केलं. आई भाजीला गेली आणि उशीर झाला, तरी ती अंगणात येऊन रस्त्याकडे बघत उभी राही. फोन हातात असे, पण बोट पुढे होत नसे. मी पडवीत प्लॅस्टिकच्या कागदाखालून हे बघत होते. तिला ओरडून सांगावंसं वाटे. मोटारसायकलला ओरडता येतं, पण सांगता येत नाही.

रूपेश रोज सुरेखाच्या हातचं जेवे. माझ्याकडे बघत नसे.

वर्षभराने मला विकायचं ठरलं. चौक गावचा एक दूधवाला मला घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. त्याचा हात खरचटला होता. "वैनी, गाडी ठेवून घ्या," तो सुरेखाला म्हणाला. "आंब्याच्या चढावर आली की कुनीतरी मागनं धरल्यागत व्हतं. बरोबर तिथंच. मी दोनदा बघितलं."

झालं. गावभर बातमी गेली. गोदूबाई म्हणाल्या, "पदूचा जीव अडकलाय तिच्यात." त्यांनीच ते लिंबू बांधलं. दूधवाला दुसऱ्या कुठल्या चढावर दुसऱ्या गिअरात ओझं घेऊन गेलाच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगू? काही दिवसांनी मलाही वाटू लागलं, की पदू माझ्यात आहे. पडवीत सामसूम असताना माझ्या गिअरच्या पट्टीवर त्याच्या टाचेचा भार जाणवे. ती गिअर शोधत असे, आणि मी देऊ शकत नव्हते.

तिसऱ्या वर्षी सुरेखाने ठरवलं, की मला भंगारात घालायचं. भंगारवाला सोमवारी येणार होता. भाविकाने आईला विचारलं, "तिच्यात खरंच बाबा असतील तर?"

"असं बोलू नको गं."

"आणि नसतील तर ते तरी कळू दे. मला एकदा झहीरचाचांना दाखवू दे. मग ने कुठं न्यायची ती."

सुरेखाने माझ्या हँडलवरच्या लिंबाकडे एकदा बघितलं. मग रूपेशला म्हणाली, "भावजी, पोरीच्या सोबत जा."

बुधवारी सकाळी गावातल्या जैतूच्या टेंपोत घालून त्यांनी मला नाक्यावर नेलं. झहीरभाय आता थकले होते, चष्मा लागला होता. त्यांनी माझ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढला आणि मला ओळखलं. पोचा पडलेल्या टाकीवरून हात फिरवला. लिंबू आणि बाहुली सोडून बाजूला ठेवली, फेकली नाहीत.

"चाचा, गाव बोलतं तिला झपाटलंय," भाविका म्हणाली.

"बघू की, बेटा. मी चाळीस वर्सं गाड्या खोलतोय. आतमंदी झीज लई बघितली. आनि काय असंल तर तेबी दिसंल."

त्यांनी आधी क्लचचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. सुरुवातीला तो थोडा मोकळा हलायला हवा. माझा अजिबात हलत नव्हता. "वायर कुणी ताणली एवढी? क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहिला की हिचा." रूपेश रस्त्याकडे बघू लागला. मग झहीरभायनी जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, बॅटरी बदलली. मी खोकले, पुन्हा खोकले आणि दोन वर्षांनी सुरू झाले. भाविका एक पाऊल मागे सरकली.

सपाट रस्त्यावर त्यांनी मला तिसऱ्या गिअरात घातलं आणि मूठ पिळली. मी नुसतीच ओरडले, पळाले नाही. परत येऊन ते म्हणाले, "क्लच घसरतोय. प्लेटा गेल्या."

रूपेश एकदम पुढे आला. "मंग तेच असंल, भाय. प्लेटा बदला, झालं काम. भूतबीत काय नाय."

झहीरभायनी माझं तेल काढलं. काळं, जळकं तेल. त्यात बोट बुडवून त्यांनी दोन बोटांत चोळलं आणि उन्हात धरलं. बोटावर चांदीच्या धुळीसारखं काहीतरी चमकलं. त्यांनी बोट फडक्याला पुसलं. नव्या प्लेटा बसवल्या, वायर सैल केली, ताजं तेल घातलं. मला माझ्या अंगात जुनी ओढ आल्यासारखं वाटलं.

"आता नेतो आमी," रूपेश म्हणाला.

"थांब रं. क्लच घसरला तर गाडी दमते. दूधवाला बोलला ती सुटते. ह्या दोन येगळ्या गोष्टी." त्यांनी भाविकाकडे पाहिलं. "मी त्या चढावर जाऊन येतो. तू नको येऊ."

"मी येते," भाविका म्हणाली.

दुपारी रस्ता रिकामा होता. चढ जसजसा जवळ आला तसा भाविकाने झहीरभायचा शर्ट मागून घट्ट धरला. तोच डांबरी पट्टा, तेच गवत. झहीरभायनी अगदी कडेने मला घातलं, आधी मागे वळून रस्ता मोकळा असल्याचं पाहिलं, मग दुसरा गिअर टाकला आणि मूठ पिळली. अर्धा चढ मी छान ओढला. आणि खट्.

मी रिकामी झाले. भाविका किंचाळली. झहीरभायनी शांतपणे ब्रेक लावून मला कडेला उभं केलं.

"असंच झालं असणार तेव्हा?" तिने विचारलं.

झहीरभायनी मला परत उताराला लावलं. ते खाली गेले, वळले आणि पुन्हा चढले. यावेळी त्यांनी पट्टीवर पाय दाबून धरला. गिअर टिकला. पाय उचलला, गिअर सुटला. मग गावाच्या अलीकडच्या दुसऱ्या एका चढावर नेऊन तेच केलं. तिथेही सुटला.

"बघितलंस? हितंबी सुटला. जागेत काय नाय, बेटा. दुखणं हिच्या पोटात हाय. आपन खोलूनच बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं इंजिन उतरवलं आणि दोन भाग करून उघडलं. मित्रांनो, आपलं पोट उघडं पडलेलं बघणं सोपं नसतं. भाविका आणि रूपेश समोर होते. पत्र्याच्या ट्रेमध्ये झहीरभायनी माझ्या दुसऱ्या गिअरचं चाक ठेवलं. त्याच्या शेजारी दुकानातून आणलेलं नवं ठेवलं.

"हे नवं. बाजूला ह्या जाड खुंट्या हायत ना, त्या शेजारच्या चाकाच्या खाचेत अडकतात. तवाच गिअर धरतो. कडा बघ, कशा धारदार. आनि आता हे बघ."

माझ्या खुंट्यांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. धरायला काही उरलंच नव्हतं.

"आनि हा चिमटा. हा चाक सरकवतो. वाकलाय. क्लच न दाबता, लाथ मारून गिअर टाकले तर वाकतो."

"बाबांनी?" भाविकाने विचारलं.

"पदूनं?" झहीरभाय पहिल्यांदा रागावल्यासारखे वाटले. "दहा वर्सं त्याची गाडी मी बघितली. हे त्याच्या पायाचं काम नाय. आनि हे एका दिसाचं बी नाय. आधी चार-दोनदा सुटते गाडी. चालवणाऱ्याला कळल्याबिगर राहत नाय."

त्यांनी रूपेशकडे पाहिलं नाही. रूपेश एका जुन्या टायरवर बसला.

"तीन येळा," तो म्हणाला. "आदल्या आठवड्यात तीन येळा सुटला व्हता. मला वाटलं क्लचच हाय, वायर तर ताणून घेतली व्हती. दादाला बोललो नाय. बोललो असतो तर त्यानं गाडी काढून घेतली असती माझी."

भाविका त्याच्यासमोर उभी राहिली. "आणि फोन?"

रूपेशने दोन्ही हातांत डोकं धरलं.

"काका, फोनचं सांग."

"वाजत व्हता खिशात. दादा बोलला, भावीचा असंल, वर गेल्यावर बघतो. हात नाय लावला गं त्यानं. दोन्ही हात हँडलवर व्हते. डावा क्लचवर." तो लहान मुलासारखा रडू लागला. "डंपरवाला फोनचं बोलला नि मला वाटलं, चला, गाडीचं कुनी इचारनार नाय. मी मान हलवली. मंग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"तीन वर्षं?"

"रोज वाटायचं."

भाविका रडली नाही. तिने ट्रेमधलं माझं झिजलेलं चाक उचललं आणि मुठीत धरून राहिली. तेलाने तिचा तळवा काळा झाला. मग म्हणाली, "आईला तू सांगायचं. मी नाय सांगणार. आजच सांगायचं."

शुक्रवारी सकाळी सुरेखा गॅरेजात आली. मागे मान घालून रूपेश. रात्रभर कुणी झोपलं नव्हतं, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. तिने झहीरभायना नमस्कार केला आणि म्हणाली, "दाखवा मला." त्यांनी दाखवलं. तिने दोन्ही चाकांवरून बोट फिरवलं, आधी नव्यावरून, मग जुन्यावरून.

"भावजी," ती रूपेशकडे न बघता म्हणाली, "तुमी सांगितलं असतं आनि तरी ते गेले असते, तर मी देवाला बोल लावला असता. आता कुनाला लावू? माझी पोर फोनला हात लावाय घाबरते. तुमी रोज बघत व्हतात. रोज माझ्या हातचं जेवत व्हतात."

ती मग मुलीकडे वळली.

"मी त्या दिवशी बोलले गं तुला. फोन कशाला केलास म्हनून."

"आई, राहू दे."

"राहू कशाला देऊ? चुकले मी. बापाला यादीत नाव लागल्याचा फोन केला व्हता पोरीनं, आनि मी..." भाविकाने तिला धरलं. तेलकट हातांचे काळे ठसे सुरेखाच्या पाठीवर उमटले. झहीरभाय आत जाऊन उगाच स्टोव्हशी काहीतरी करत राहिले.

थोड्या वेळाने सुरेखाने डोळे पुसले. "भाय, जोडा गाडी. भंगारवाल्याला मी नाय म्हनून सांगते."

रूपेश तिथेच थांबला. "मला काय तरी करू द्या," तो झहीरभायना म्हणाला. त्यांनी रॉकेलचा डबा आणि ब्रश पुढे सरकवला. दोन दिवस त्याने माझे सगळे भाग धुतले, एकेक खाच, एकेक दाता. त्याच्या बोटांची सालं निघाली. मी त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. सुरेखाने केलं नाही, निदान अजून तरी. तो आता वेगळा जेवतो. पण पुढच्या आठवड्यात तो स्वतः पोलीस ठाण्यात गेला आणि खरं काय घडलं ते लिहून घ्यायला लावलं. तिथला हवालदार म्हणाला, "आता याचा काय उपयोग?" रूपेश म्हणाला, "तरी ल्ह्या."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. माझ्या पोटात नवा दुसरा गिअर आहे, नवा चिमटा आहे. भाविकाने पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा तिचं नाव लागलं. ती रोज सकाळी मला घेऊन खोपोलीला शिकायला जाते. निघण्याआधी क्लचचा दांडा दोन बोटांनी हलवून बघते. हे ती झहीरभायकडून शिकली. गोदूबाई अजून माझ्या बाजूने जात नाहीत, पण परवा त्यांनी भाविकाकडून औषध मागवलं आणि मी ते आणलं.

आंब्याचा चढ आजही आमच्या वाटेवर आहे. तिथे आलो की भाविका बोलणं थांबवते. ती दुसरा गिअर टाकते. तो बसतो, घट्ट धरतो, सुटत नाही. तरी मला दर वेळी तिच्या पायाखाली दुसरा एक पाय जाणवतो. जुनी चप्पल, झिजलेली टाच. ती अजून शोधते आहे. नवे भाग घातले म्हणून ते गेलं नाही. ते जाईल असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिची चेन कोरडी पडू देऊ नका. क्लच अर्धवट दाबून तिला रेटू नका आणि लाथेने गिअर टाकू नका. तिचा आवाज बदलला, ती घसरली, तिने झटका दिला, तर त्याच दिवशी जाणत्या माणसाला दाखवा. आणि काही जाणवलं असेल, तर पुढच्या माणसाच्या हातात चावी देण्याआधी ते सांगा. राग येईल, गाडी काढून घेतील, तरी सांगा. त्या दुपारी कचेरीच्या दारात रूपेशने फक्त म्हणायचं होतं, "दादा, दुसरा गिअर सुटतो." चार शब्द होते. मला ते बोलता आले असते, तर मी बोलले असते.